अर्धी फवारणी, पुरी खरूज

(लालबाग येथे चाकरमानी आणि गावाहून आलेले शेतकरी यांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी छापले आहे.)



आतापर्यंतच्या वक्त्यांनी भाव, वीज आणि पाणी यांवर तुमच्यासमोर मांडणी केली. मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकून काही जण हसतील. माझा विषय आहे लहान मुलांची खरूज. शेतकऱ्यांच्या बैठकीत खरूज कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर सरळ आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथली चाळीतली खोली आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडचे गावचे घर ही दोन घरे नाहीत. एकाच घराची ती दोन दालने आहेत, मध्ये फक्त एसटीचा आणि रेल्वेचा रस्ता आहे. त्या रस्त्याने तांदूळ आणि काजू इकडे येतात, पगारातले पैसे तिकडे जातात, आणि खरूज दोन्ही बाजूंनी ये-जा करते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. माझी पदवी शेतीची. कोणते औषध, किती आणि कोणाला, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. पण खरूज ही कीड आहे, आणि चांगले औषध आणूनही कीड का हटत नाही, हे कळायला शेतकऱ्यासारखा दुसरा माणूस नाही. शेजारच्या शेतात कीड ठेवून आपल्या चार ओळींवर फवारा मारणाऱ्याला आपण काय म्हणतो? खरजेच्या बाबतीत शहाणीसुरती माणसेही नेमके तेच करतात.

किडीची ओळख

खरजेचा किडा कोळी वर्गातला. भेंडी-वांग्यावरचा लाल कोळी, जनावराच्या अंगावरची गोचीड, यांचाच तो भाऊबंद. लांबी अर्ध्या मिलिमीटरहून कमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसला तर दिसेल. मादी माणसाच्या कातडीच्या अगदी वरच्या थरात बीळ करते, रोज दोन-तीन अंडी घालत पुढे सरकते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. अंड्यातून निघालेला किडा स्वतः अंडी घालण्याजोगा व्हायला दोन आठवडे लागतात. हे आकडे ध्यानात ठेवा. औषधाच्या तारखा यावरूनच ठरतात.

या किड्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १६८७ साली बोनोमो नावाच्या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहिला, त्याचे चित्र काढले आणि खरूज यामुळेच होते असे लिहिले. पुढे दीडशे वर्षे थोर थोर वैद्यांनी ते मानलेच नाही. रक्तातला दोष अंगावर फुटतो, हेच ते सांगत राहिले. शेवटी १८३४ साली पॅरिसच्या रुग्णालयात रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सुईच्या टोकाने रोग्याच्या कातडीतून किडा काढून दाखवला. ही विद्या त्याला कोणी शिकवली होती? कोणत्याही विद्यापीठाने नाही. त्याच्या कॉर्सिका बेटावरच्या गरीब बायका सुईने असे किडे काढत, ते त्याने पाहिले होते. खेड्यातल्या बायकांना जे ठाऊक होते ते पंडितांना ठाऊक नव्हते. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने आपणहून पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली घोंगडी त्यांनी या माणसांना पांघरायला दिली. लागण फार क्वचित झाली. खरूज पसरते ती मुख्यतः कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिल्याने, एका अंथरुणात निजल्याने, मूल कडेवर-मांडीवर घेतल्याने. मेलनबींनी माणसाच्या अंगावरच्या माद्याही मोजल्या. सरासरी अकरा-बारा भरल्या. संपूर्ण अंग खाजवून लाल झालेल्या माणसाच्या कातडीत डझनभरच किडे असतात! म्हणजे जिथे पुरळ आहे तिथेच किडा आहे असे नाही. पुरळ हा किड्याबद्दलचा शरीराचा राग आहे आणि तो सगळ्या अंगावर उठतो. म्हणून पुरळावर बोटभर मलम लावून भागत नाही.

खाज उशिरा येते

आता सगळ्यात फसवी गोष्ट. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगात शिरल्यावर चार ते सहा आठवडे खाज येतच नाही. शरीराने शत्रू ओळखायला तेवढे दिवस जातात. तोवर मूल हसते-खेळते, आणि दुसऱ्याला खरूज देत असते.

याचा अर्थ लावून पाहा. मे महिन्यात मुंबईची पोरे गावी जातात. पडवीत एका सतरंजीवर दहा चुलत-मावस भावंडे निजतात. जूनच्या मध्याला शाळा सुरू होते आणि जूनच्या अखेरीस पोर रात्री उठून खाजवू लागते. आई म्हणते शाळेतून आणली. बालवाडीची बाई म्हणते चाळीतून आली. गावची आजी म्हणते मुंबईच्या पाण्याने झाली. लागण झाली होती ती मेमध्ये, त्या सतरंजीवर. गणपतीला तीच वाट उलटी. इथली खरूज सामानाबरोबर गावी जाते आणि तिकडे नवरात्र-दिवाळीला उगवते. म्हणून कोणी दिली हे शोधण्यात वेळ घालवू नका. मागच्या दोन महिन्यांत मूल कोणाकोणाजवळ निजले, कोणाच्या कडेवर बसले, त्यांची यादी करा. ती यादी फवारणीची आहे, आरोपपत्राची नाही.

दुसऱ्यांदा लागण झाली तर मात्र खाज एक ते चार दिवसांत सुटते. शरीर आता शत्रूला ओळखत असते. उपचार करूनही आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले की माणूस म्हणतो औषध खोटे. बहुतेक वेळा औषध खरे असते, घरात ज्याला ते लावले नाही त्याच्या अंगावरून किडा परत आलेला असतो.

तान्ह्या मुलाची खरूज कशी ओळखावी

मोठ्या माणसाची खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेच्या नाडीच्या जागी, ढुंगणावर आणि जांघेत दिसते. बायकांत स्तनाग्राभोवती दिसते. मोठ्यांच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर ती सहसा नसते.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे तसे नाही. त्याच्या तळहातांवर आणि तळपायांवर बारीक पाण्याचे फोड किंवा पुवाचे दाणे येतात. डोके, कानामागची जागा, मान, चेहरा यांवरही पुरळ येते. काखेत आणि जांघेत तांबूस कठीण गाठी येतात, आणि त्या किडा मेल्यावरही कधी कधी महिनोन् महिने राहतात. तीन-चार महिन्यांच्या मुलाला नीट खाजवताही येत नाही. ते किरकिर करते, रात्र रात्र झोपत नाही, दूध टाकते, पायावर पाय घासत राहते. घरचे म्हणतात दृष्ट लागली, दात येताहेत. तेव्हा मुलाचे तळपाय उताणे करून पाहा. आणि मुलाच्या आईचे मनगट पाहा. पुष्कळदा निदान आईच्या हातावर लिहिलेले असते.

तीन प्रश्न विचारा. खाज रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला खाज आहे का? पुरळ वर सांगितलेल्या जागी आहे का? तिन्हींना हो आले तर खरजेचा दाट संशय धरा आणि डॉक्टरांकडे जा. बारकाईने पाहिले तर कधी कधी काही मिलिमीटर लांबीची करडी, नागमोडी रेघ दिसते. तेच किड्याचे बीळ. डॉक्टर तिथे शाई लावून पुसतात, बिळात शाई राहते आणि रेघ उठून दिसते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहता येते. पण अंगावर किडे मुळातच डझनभर, तेव्हा तपासणीत किडा सापडला नाही म्हणून खरूज नाही असे ठरत नाही.

मुंबईत खरजेसारख्या दिसणाऱ्या गोष्टीही पुष्कळ. घामोळे मान-पाठ-छातीवर येते, वारा लागला की बसते, घरात साथ धरत नाही. ढेकूण आणि डास उघड्या अंगावर चावतात, बोटांच्या बेचक्यात नाही. इसबात कातडी कोरडी होते, आणि ते महिनोन् महिने त्याच जागी येत-जात राहते. तळहात-तळपायावर फोड, शिवाय ताप आणि तोंडात व्रण असले तर तो हात-पाय-तोंडाचा विषाणूचा आजार. कुत्र्याच्या लुतीचा किडा माणसाला चावून थोडे दिवस खाज देतो, पण माणसाच्या अंगावर वंश वाढवत नाही. माणसाची खरूज माणसाकडून येते.

खाजेने कोण मरतो?

खाजेने कोण मरतो, असे म्हणून आपण सोडून देतो. खाजवून कातडी फुटते, तिच्यात जंतू शिरतात, फोड पिकतात, खपल्या धरतात. हे जंतू स्ट्रेप्टोकोकस जातीचे असले तर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे-तोंड सुजलेले दिसले, लघवी कमी झाली किंवा काळ्या चहासारखी झाली, तर एक दिवसही थांबू नका. पिकलेल्या फोडांबरोबर ताप आला, तान्हे मूल दूध घेईनासे झाले, तरी तेच. परळला केईएम रुग्णालय आहे, शेजारीच १९२९ पासूनचे वाडिया बालरुग्णालय आहे. गिरगावकरांना मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे. जे. जवळ आहे. साध्या खरजेसाठी मात्र मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत दिवस मोडायची गरज नाही. वॉर्डातला पालिकेचा दवाखाना पुरे.

घरातल्या म्हाताऱ्या किंवा दीर्घ आजारी माणसाकडेही पाहा. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या हातापायांवर जाड पापुद्रे धरतात, त्यात किडे हजारांनी असतात, आणि त्याला खाज फारशी येतही नाही. पोरांना औषध लावून लावून घर थकते आणि कोपऱ्यातल्या आजोबांकडे कोणी पाहत नाही. अशा माणसाला रुग्णालयातच दाखवले पाहिजे.

साडेदहा नळ्यांचा हिशोब

आता हिशोबाला या. डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रीनचे मलम लिहून देतात. दोन महिन्यांवरच्या मुलांना ते चालते. हे औषध शेतीच्या संशोधनातून आलेले आहे. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या पथकाने १९७३ साली ते शोधले, शेवंतीच्या जातीच्या एका फुलातल्या कीटकनाशक द्रव्याच्या धर्तीवर.

मोठ्या माणसाचे अंग एकदा माखायला ३० ग्रॅमची एक नळी लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धी, एक ते पाच वर्षांच्या मुलाला पाव. चाळीतले सात माणसांचे घर धरा. आजी, आई, वडील, काका यांच्या चार नळ्या. आठ आणि दहा वर्षांच्या दोन पोरांची मिळून एक. तीन वर्षांच्या लेकराची पाव. झाल्या सव्वापाच. औषध आठवड्याने पुन्हा लावायचे असते, म्हणून साडेदहा.

आणि घरात येते किती? एक नळी. केसपेपर एका मुलाच्या नावाचा, म्हणून चिठ्ठी एका मुलाची. पैसे मोजायचे म्हणून घरचेही म्हणतात, ज्याला झाली त्यालाच लावू. तीही नळी पुरळापुरती लावतात आणि उरलेली जपून ठेवतात. पंधरा दिवसांनी पुन्हा एक नळी. सहा महिने हा धंदा चालतो. साडेदहाच्या वर नळ्या संपतात, पोराची शाळा बुडते, आईची झोप जाते, आणि खरूज जिथल्या तिथे. अर्धी फवारणी सगळ्यात महाग पडते, हे आपण कपाशीवर शिकलो. परमेथ्रीन लागू पडत नाही अशा तक्रारी अलीकडे जगात अनेक ठिकाणांहून येऊ लागल्या आहेत. म्हणून तर हे औषध वाया घालवण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. ते लावायचे तर पुरते लावायचे.

फिजी देशातल्या बेटांवर केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. एका गटात फक्त रोग्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना मलम दिले. वर्षाने खरजेचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ वर आले. दुसऱ्या गटात सगळ्या वस्तीला मलम दिले, तिथे सुमारे ४२ वरून १६ वर आले. तिसऱ्या गटात सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिनची गोळी दिली, आणि ज्यांना गोळी चालत नाही त्यांना मलम. तिथे ३२ वरून २ वर आले. वस्तीने एकदम काम केले की कीड हटते. ही गोळी दोन वेळा, वजनाप्रमाणे, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायची. १५ किलोच्या आतल्या मुलाला आणि गरोदर बाईला ती देत नाहीत.

फवारणीची रात्र

आता करायचे कसे ते क्रमाने सांगतो.

तारीख ठरवा. खाज असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री औषध लावायचे. बाहेरगावी किंवा रात्रपाळीला कोणी जाणार असेल तर तारीख बदला, माणूस वगळू नका.

त्या रात्री नखे कापा. अंग कोरडे आणि थंड असू द्या, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच लावू नका. मानेपासून तळपायापर्यंत इंचही न सोडता लावा. बेचक्या, नखांच्या खाली, काखा, बेंबी, जांघ, ढुंगणाची घडी, टाचा, काही सोडू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे डोके, कानामागे आणि चेहराही माखा, डोळे आणि तोंड यांच्या भोवतालची जागा मात्र सोडा. तान्ह्याने हात चोखू नये म्हणून हातांत मोजे घाला. पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तन पुसून घ्यावेत.

औषध आठ ते बारा तास अंगावर राहिले पाहिजे. चाळीत पाणी ठरावीक वेळी येते, तेव्हा रात्री जेवणे उरकल्यावर लावा आणि सकाळी नळ आला की अंघोळ करा. मधे कोणी हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. सगळ्यात जास्त चूक इथे होते. घरातली बाई सगळ्यांना लावते, मग भांडी घासते आणि तिच्याच हातांवरचे औषध धुऊन जाते. त्या रात्रीची भांडी पुरुषांनी औषध लावायच्या आधी घासावीत, त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून जास्त सहसा जगत नाही. म्हणून मागच्या तीन दिवसांतले कपडे, चादरी आणि टॉवेल तेवढे गरम पाण्यात भिजवून धुवा, उन्हात वाळवा. पावसाळ्यात चाळीच्या कठड्यावर काही वाळत नाही, तेव्हा कडक इस्त्री फिरवा. गोधडी-उशी धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. घर फिनेलने धुण्याची आणि गाद्या फेकण्याची गरज नाही.

सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा सगळ्यांनी, पुन्हा तसेच. कारण तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या खेपेला वाचलेली अंडी एव्हाना फुटलेली असतात आणि त्यातले किडे अजून अंडी घालण्याजोगे झालेले नसतात. घाव तेव्हाच घालायचा.

यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. किडा मेला तरी त्याचा मळ कातडीत असतो. ती खाज म्हणजे औषध हरले असे नाही. तिच्यासाठी डॉक्टर कॅलामाइन किंवा खाजेचे औषध देतील. रोज रोज मलम चोपडू नका, कातडी भाजते. चार आठवड्यांनंतर नवे फोड येत राहिले तर मात्र पुन्हा दाखवा.

काय लावू नये

दुकानात खाज-खरूज-नायट्यावर एकच मलम मिळते. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दबते, पुरळाचे रूप बदलते, डॉक्टरलाही ओळखू येईना अशी खरूज आतल्या आत वाढते.

हुमणीला आपण बीएचसीची भुकटी टाकत होतो, आठवते? १९९७ साली सरकारने तिच्यावर बंदी घातली. तिच्यातलेच मुख्य विष लिंडेन, त्याचा शेतीतला वापरही २०१३ पासून बंद झाला. त्याच लिंडेनचे खरजेवरचे पातळ औषध गामा बेंझीन हेक्झाक्लोराइड या नावाने वर्षानुवर्षे विकले गेले. ते कातडीतून मेंदूपर्यंत जाते आणि लहान मुलाला झटके येऊ शकतात. घरात जुनी बाटली असली तर ती पोराला लावू नका.

शेतातले सायपरमेथ्रीन, गोचिडाचे औषध, जनावरांचे आयव्हरमेक्टिन, रॉकेल, यातले काहीही मुलाच्या अंगाला लावू नका आणि पोटात देऊ नका. नाव सारखे असले तरी त्यातली मिसळ आणि प्रमाण वेगळे असते. गंधकाचेही तसेच. गंधकाचे मलम तीन रात्री लावणे हा जुना आणि चांगला उपाय आहे, दोन महिन्यांच्या आतल्या मुलाला आणि गरोदर बाईला डॉक्टर तो देतात. पण द्राक्षाच्या भुरीवरचे गंधक वेगळे आणि मलमातले वेगळे. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली तर घाला, बरे वाटेल, पण त्यावर विसंबू नका.

लाज कोणाची?

शेवटची गोष्ट लाजेची. खरूज म्हटले की माणसे म्हणतात घाणेरडे घर. हे खोटे आहे. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते, किडा पाण्याने वाहून जात नाही. खरूज अस्वच्छतेची नाही, जागेच्या टंचाईची आहे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. तीत सात-आठ माणसे निजणार, तर कातडीला कातडी लागणारच. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावकीच्या खोलीत एका पाळीचा माणूस उठला की दुसऱ्या पाळीचा त्याच अंथरुणावर पडत असे. आपल्या माणसांना ही जागा कोणी दिली आणि त्यांनी ती का पत्करली, हा प्रश्न मोठा आहे. पण त्या जागेत वाढलेल्या लेकराने मान खाली घालावी असे त्यात काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. दुर्लक्षित म्हणजे ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही अशांचा रोग.

लाजेने घर गप्प बसते, शेजाऱ्याला सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून कीड मजलाभर फिरते. बालवाडीतून पोराला महिना महिना बाहेर ठेवतात. त्याचीही गरज नाही. पहिली रात्र औषध लावून झाली की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाऊ शकते.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे. पहिले, घरात एकाला खरूज निघाली की मजल्यावरच्या सगळ्या घरांना त्याच दिवशी सांगा आणि एकच तारीख ठरवा. दुसरे, त्याच दिवशी गावी फोन करा. तिकडच्या घराने तीच तारीख धरावी, आणि मे महिना व गणपती यांच्या आधी पोरांचे हात-पाय पाहून घ्यावेत. तिसरे, पालिकेच्या दवाखान्यात आणि गावच्या आरोग्य केंद्रात एकजुटीने जाऊन सांगा की खरजेचा केसपेपर एका मुलाचा नको, घराचा हवा. औषध एका नळीचे नको, पुऱ्या घराला दोन वेळा पुरेल एवढे हवे. हे दानाचे मागणे नाही, हिशोबाचे आहे. सहा महिने एकेक नळी वाटण्यापेक्षा एकदाच पुरे औषध देणे सरकारलाही स्वस्त पडते.

बोंडअळीशी आणि लाल कोळ्याशी ज्यांनी टक्कर दिली, त्यांना हा डझनभर किड्यांचा शत्रू जड नाही. फक्त एकाच रात्री सगळ्या घराने उठले पाहिजे.